जपान कुठे हरला, कुठे टिकला

जपानी उद्योगाविषयी आपल्याकडे दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि पुष्कळदा एकच माणूस दोन्ही सांगतो. पहिली अशी की जपानी माणूस मुळातच शिस्तीचा, कामात देव पाहणारा, म्हणून त्याचा माल खणखणीत. दुसरी अशी की जपान आता संपला. सोनीचे टीव्ही घराघरातून गेले, शार्प २०१६ मध्ये तैवानच्या फॉक्सकॉनने घेतली, तोशिबा डिसेंबर २०२३ मध्ये शेअर बाजारातून बाहेर पडली आणि स्मार्टफोनच्या शर्यतीत तर जपानी नाव उरलेच नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी मेळ बसत नाही. शिस्त रक्तातच होती तर १९९० नंतर ती कुठे गेली? आणि देश संपलाच असेल, तर जुलै २०१९ मध्ये जपानने तीनच रसायनांच्या निर्यातीवर नियंत्रण आणताच दक्षिण कोरियाच्या बलाढ्य चिप कंपन्यांची एवढी धावपळ का उडाली?

माझे म्हणणे असे की स्पर्धाशक्ती देशाच्या अंगी नसते. एखाद्या वस्तूचा स्वभाव आणि ती बनवणाऱ्या कारखान्याने कमावलेले कसब यांची गाठ पडते तिथे ती निर्माण होते आणि गाठ सुटली की जाते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांत जपानी कारखान्यांनी एक विशिष्ट कसब कमावले. ज्या वस्तूंना ते कसब लागते तिथे जपान आजही पहिल्या रांगेत आहे. ज्या वस्तूंना ते लागेनासे झाले तिथे तो हरला, आणि हरला तेव्हाही कामगार तेच होते, इंजिनिअर तेच होते, शिस्तही तीच होती. हे नीट समजून न घेता आपण जपानकडून शिकायला जातो, म्हणून भिंतीवरच्या फलकांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

१. स्वभावाची गोष्ट का टिकत नाही

जपानी गुणवत्तेचे मूळ तिथल्या संस्कृतीत शोधणाऱ्यांनी आधी तारखा पाहाव्यात. १९५० च्या दशकापर्यंत ‘मेड इन जपान’ हा शिक्का स्वस्त आणि तकलादू मालाची खूण होता. संस्कृती तेव्हाही तीच होती. १९५० मध्ये एडवर्ड्स डेमिंग हा अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ तिथे व्याख्याने द्यायला गेला, पुढच्याच वर्षी त्याच्या नावाचे पारितोषिक सुरू झाले, १९५४ मध्ये जोसेफ जुरान गेला आणि १९६२ पासून कारखान्यांत गुणवत्ता मंडळे उभी राहू लागली. म्हणजे ही गोष्ट शिकलेली आहे, जन्मजात नाही.

दुसरा पुरावा अमेरिकेतला आहे आणि तो अधिक बोलका आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथला जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, संप आणि खराब गाड्यांसाठी बदनाम होता. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी तो भागीदारीत पुन्हा सुरू केला. कामगारांत मोठा भरणा जुन्यांचाच होता, युनियनही तीच. पण काम टोयोटाच्या पद्धतीने सुरू झाले आणि थोड्याच काळात तिथल्या गाड्यांची गुणवत्ता जपानमधल्या टोयोटाच्या गाड्यांच्या जवळ पोचली. माणसे अमेरिकीच होती. पुढचा भाग आणखी महत्त्वाचा. जनरल मोटर्सला हे सगळे आपल्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर पाहायला मिळत होते, तरी आपल्या बाकीच्या कारखान्यांत ते नेणे तिला कित्येक वर्षे जमले नाही, आणि २००९ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. पद्धत उघड असूनही उचलता येत नाही, ही गोष्ट स्वभावाच्या सिद्धान्ताने उलगडत नाही, आणि ‘तंत्र विकत घ्या, बसवा’ या सिद्धान्तानेही नाही.

तिसरा पुरावा आपल्याच दाराशी आहे. महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ मध्ये डेमिंग पारितोषिक मिळाले. कांदिवली आणि नागपूरच्या कारखान्यांतली माणसे जपानी संस्कारांत वाढलेली नव्हती.

२. मग ते कसब नेमके काय

टोयोटाच्या पद्धतीचे वर्णन ‘साठा कमी ठेवणे’ असे केले जाते. ते अर्धवट आहे. साठा कमी ठेवणे हे साधन. हेतू हा की चूक झाली तर ती झाकली जाऊ नये. याचा उगम मोटारीत नसून मागात आहे. साकिची टोयोडाच्या स्वयंचलित मागात धागा तुटला की माग आपोआप थांबत असे. १९२९ मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकले गेले. माग थांबला नाही तर खराब कापड विणले जात राहते आणि धागा कुठे तुटला हे मागाहून शोधावे लागते. ताइइची ओनोने तेच तत्त्व मोटारीच्या लाइनवर आणले. कामगाराला दोरी ओढून अख्खी लाइन थांबवण्याचा अधिकार मिळाला. चूक जिथे घडली तिथेच, तिचे कारण ताजे असतानाच तिला पकडायचे. लाइनच्या शेवटी सुपरवायझरने माल नापास करणे आणि लाइनवरच्या माणसाने त्या क्षणी काम थांबवणे यांत ज्ञान कोणाकडे साठते हा फरक आहे. पहिल्या पद्धतीत ते रजिस्टरमध्ये जाते, दुसरीत काम करणाऱ्याच्या हातात.

पण कामगार आपले ज्ञान कंपनीच्या हवाली का करील? एखाद्या फिटरला दोन माणसांचे काम एकात करण्याची युक्ती सुचली, तर ती सांगून तो शेजारच्या सोबत्याची नोकरी घालवील का? या प्रश्नाला जपानने दिलेले उत्तर शिस्तीचे नव्हते, सौद्याचे होते. १९५० मध्ये टोयोटा दिवाळखोरीच्या काठावर होती. कामगारकपात झाली, मोठा संप झाला, संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी राजीनामा दिला. अशा संघर्षांतून मोठ्या जपानी कंपन्यांत हळूहळू एक समझोता स्थिरावला: कायम कामगाराची नोकरी सुरक्षित, त्या बदल्यात त्याने कोणतेही काम शिकायचे आणि सुधारणेत भाग घ्यायचा. हा सौदा नसता तर कायझेन, म्हणजे कामातली ही सततची सुधारणा, आपल्याच पोटावर पाय आणण्याचे निमंत्रण ठरले असते. कायझेनवरच्या आपल्याकडच्या व्याख्यानांत या सौद्याचा उल्लेख मी क्वचितच ऐकला आहे.

याच सौद्याची दुसरी बाजू पुरवठादारांशी असलेल्या नात्यात दिसते. अमेरिकी मोटार कंपनी सुट्या भागाचे पूर्ण ड्रॉइंग करून निविदा मागवी आणि सर्वांत स्वस्त व्हेंडरला काम देई. टोयोटा बऱ्याच भागांसाठी फक्त गरज सांगत असे; डिझाइन पुरवठादाराने करायचे, टोयोटाने ते मंजूर करायचे आणि मग ते काम वर्षानुवर्षे त्याच्याकडे राहायचे. त्यामुळे भाग कसा असावा हे ज्ञान शेकडो छोट्यामोठ्या कारखान्यांत पसरले.

त्याची कसोटी १ फेब्रुवारी १९९७ रोजी लागली. कारिया इथे आयसिन सेइकीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला तेलाचा दाब सांभाळणारी एक लहान झडप जवळजवळ पूर्णपणे याच कारखान्यातून येत होती आणि टोयोटाकडे साठा होता काही तासांचा. टोयोटाच्या जपानमधल्या लाइन थांबल्या. या झडपेत बारीक, निमुळती, अत्यंत काटेकोर मापाची छिद्रे असतात आणि ती पाडणारी खास यंत्रे आगीत गेली होती. आयसिनने ड्रॉइंगे वाटली आणि सुमारे दोनशे कंपन्या कामाला लागल्या. त्यांतल्या बहुतेकांनी ही झडप पूर्वी कधी बनवली नव्हती. शिलाई यंत्रे बनवणारी ब्रदर ही त्यांतलीच एक. प्रत्येकाने आपल्याकडच्या साध्या मिलिंग यंत्रांवर आपापली सेटिंग बसवली आणि काही दिवसांतच झडपा येऊ लागल्या. किंमत आधी ठरली नव्हती, कोणी करार मागितला नव्हता. एकाच पुरवठादारावर विसंबण्याचा धोका या आगीने दाखवला हे खरे. पण ज्या जाळ्यामुळे लाइन इतक्या लवकर चालू झाल्या ते विकत मिळत नाही, हेही तिनेच दाखवले.

३. एकजीव वस्तू आणि जोडवस्तू

आता वस्तूच्या स्वभावाकडे येऊ. टोकियो विद्यापीठात असताना ताकाहिरो फुजिमोतो यांनी मोटार उद्योगाच्या दीर्घ अभ्यासातून एक भेद मांडला आणि माझ्या मते जपानविषयी झालेल्या लिखाणात सर्वांत उपयोगी तोच आहे. काही वस्तूंचे भाग एकमेकांत इतके गुंतलेले असतात की एक बदलला की बाकीचे पुन्हा जुळवून घ्यावे लागतात. त्यांना मी एकजीव वस्तू म्हणतो. काहींचे भाग ठरलेल्या मापाच्या सांध्यांनी जोडलेले असतात. कोणाचाही भाग आणा, बसतो. या जोडवस्तू.

पेट्रोलची मोटार ही एकजीव वस्तू. १०० च्या वेगाला गाडी गुणगुणत असेल तर दोष इंजिनाचा, बुशिंगचा, बॉडीच्या पत्र्याचा की दाराच्या रबराचा, हे एका विभागात बसून सांगता येत नाही. इंजिनवाला, बॉडीवाला आणि रबराचा पुरवठादार एकत्र बसावे लागतात, आणि तेही अनेकदा. एकमेकांना वीस वर्षे ओळखणारी माणसे असतील तर हे काम लवकर होते. टेबलावरचा संगणक ही जोडवस्तू. प्रोसेसर एकाचा, मेमरी दुसऱ्याची, डबा तिसऱ्याचा. सांधे आधीच ठरलेले असल्याने बैठकांची गरजच नाही, आणि वीस वर्षांची ओळख हा नुसता खर्च ठरतो.

या भेदाने जपानचा जय आणि पराजय दोन्ही एका सूत्रात येतात. जुना नळीचा टीव्ही एकजीव होता. नळी, चुंबकीय वळणे, सर्किट यांची जुळवणी हे अवघड कसब होते आणि १९६८ चा सोनी ट्रिनिट्रॉन हा त्याचा कळस. चित्र अंकांत आले तसा टीव्ही म्हणजे पॅनेल, दोन-चार चिप आणि डबा एवढाच राहिला. पॅनेल आणि चिप बाजारात मिळू लागल्यावर सोनीच्या जुळवणीला गिऱ्हाईक उरले नाही. सौर पॅनेलचेही तसेच झाले. २००६ पर्यंत शार्प जगातली सर्वांत मोठी उत्पादक होती. पुढे यंत्रे बनवणाऱ्यांनी अख्खी लाइन तयार करून विकायला सुरुवात केली, म्हणजे कसब यंत्रातच भरून आले. ज्याच्याकडे स्वस्त भांडवल आणि मोठा आकार तो जिंकणार होता, आणि तो चीन होता.

मेमरी चिपची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९७६ ते १९८० या काळात फुजित्सु, हिताची, मित्सुबिशी इलेक्ट्रिक, एनईसी आणि तोशिबा यांनी सरकारच्या साहाय्याने एकत्र संशोधन केले आणि १९८८ मध्ये जगाच्या चिपविक्रीतला जवळपास निम्मा वाटा जपानकडे होता. आज तो दहा टक्क्यांच्या आत आहे. त्या चिप मोठ्या मेनफ्रेम संगणकांसाठी होत्या. गिऱ्हाईक दीर्घ आयुष्य मागत होते आणि जपानी कारखाने ते देत होते. मग गिऱ्हाईक बदलले. घरगुती संगणकाला काही वर्षे टिकणारी, पण स्वस्त मेमरी हवी होती. कोरियाच्या सॅमसंगने आणि अमेरिकेच्या मायक्रॉनने प्रक्रियेतल्या पायऱ्याच कमी केल्या. जपानी इंजिनिअर गुणवत्ता कमी करायला तयार होईनात. एनईसी आणि हिताची यांच्या मेमरी विभागांतून १९९९ मध्ये उभी राहिलेली एल्पिडा २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या वर्षी मायक्रॉनने ती घेतली. इथे कसब कमी पडले नाही, ते गरजेपेक्षा जास्त झाले.

यावर कोणी म्हणेल की जपानला अमेरिकेने पाडले. चलनदरांविषयीच्या १९८५ च्या प्लाझा करारानंतर दोन-अडीच वर्षांत येन जवळजवळ दुपटीने महागला आणि १९८६ च्या चिप कराराने किमती व बाजारहिस्सा दोन्हींवर बंधने आणली. हा मार खरा होता. पण महाग येन मोटारींनाही तितकाच नडला आणि अमेरिकेतल्या मोटारनिर्यातीवर तर १९८१ पासूनच मर्यादा होती. तरी मोटारी टिकल्या, मेमरी गेली. दोघांनाही बसलेला धक्का दोघांमधल्या फरकाचे कारण होऊ शकत नाही.

४. दुकानातून गेला, कारखान्यात राहिला

‘जपान संपला’ म्हणणारा माणूस दुकानाच्या काचेतून पाहतो. तिथे जपानी नावे कमी झाली हे खरे. पण स्मार्टफोन उघडला तर त्यात हजारेक सिरॅमिक कपॅसिटर निघतात, आणि त्यांच्या जागतिक बाजारात क्योटोची मुराता पहिली आहे. हा भाग जवळून पाहण्यासारखा आहे.

बेरियम टायटनेटची अतिसूक्ष्म पूड कालवून तिचा एका मायक्रॉनहूनही पातळ थर पसरतात. त्यावर निकेलचा थर छापतात. असे शेकडो थर एकावर एक रचून, दाबून, कापून, हजाराहून अधिक अंशांवर भाजतात. भाजताना माती आणि धातू दोन्ही आकसतात, पण सारख्या वेगाने नाही. फरक पडला तर थर सुटतात किंवा तडा जातो. साध्या हवेत भाजले तर निकेल गंजते. म्हणून प्राणवायू काढून घेतलेल्या भट्टीत भाजायचे, तर मातीतलाच प्राणवायू निघून जातो आणि ती विद्युतरोधक राहत नाही. मग पुडीतच इतर द्रव्ये नेमक्या मात्रेत मिसळावी लागतात. पूड, छपाई आणि भट्टी यांतले काहीही एकेकटे सुधारता येत नाही. मुराता पूड आणि कित्येक यंत्रेही स्वतःच बनवते ती यासाठी. तयार भाग वाळूच्या कणाएवढा. त्याला उघडून त्याची रचना कोणीही पाहू शकतो, पण भट्टीतला क्रम त्यात लिहिलेला नसतो.

असाच पसारा चिप उद्योगाच्या तळाशी आहे. सिलिकॉनच्या मोठ्या वेफरांचा निम्म्याहून अधिक पुरवठा शिनेत्सु आणि सुमको या दोन कंपन्यांकडून होतो. चिपवर नक्षी उमटवण्यासाठी लागणाऱ्या अतिनील किरणांच्या फोटोरेझिस्टमध्ये जेएसआर, टोकियो ओका, शिनेत्सु आणि फुजिफिल्म यांचाच बोलबाला आहे. हे रसायन पिंपात भरून कोणालाही विकायचे नसते. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या प्रक्रियेनुसार ते घडवावे लागते आणि एकदा बसलेले रसायन बदलायचे म्हणजे महिनोन् महिने चाचण्या. प्रोसेसरखालच्या पाटीतली विद्युतरोधक फिल्म जवळजवळ सगळी आजिनोमोतोकडून येते, जी आपल्याला चायनीजच्या गाडीवरच्या पांढऱ्या चवपुडीमुळे ठाऊक आहे. वेफर कापणारी आणि घासणारी यंत्रे डिस्कोची. ही कंपनी १९३७ मध्ये हिरोशिमा प्रांतातल्या कुरे इथे सहाणचाके बनवण्यासाठी निघाली होती.

यांत धीराचाही वाटा आहे. तोरेने कार्बन तंतूचे व्यापारी उत्पादन १९७१ मध्ये सुरू केले. विमानाचे स्वप्न होते, पण विमान कंपन्या तयार नव्हत्या, म्हणून तो तंतू मासेमारीच्या गळकाठ्या आणि गोल्फच्या दांड्यांत गेला. त्या विक्रीवर तग धरत प्रक्रिया सुधारत राहिली आणि अखेर वजनाने निम्मे संमिश्र साहित्याचे असलेले बोइंग ७८७ त्याच तंतूवर उभे राहिले. याच जपानमधल्या मित्सुबिशीला स्वतःचे प्रवासी जेट मात्र जमले नाही. तो प्रकल्प फेब्रुवारी २०२३ मध्ये सोडून द्यावा लागला. विमानाचे प्रमाणपत्र मिळवणे हे कायदा, कागद आणि परदेशी नियामक यांच्याशी जुळवून घेण्याचे काम आहे, आणि कारखान्यातले कसब तिथे पुरत नाही.

५. आक्षेप

खरा पैसा तर दुसरेच नेतात, असा पहिला आक्षेप. ॲपल आणि एनव्हिडिया यांच्या नफ्यापुढे कपॅसिटरचा नफा किरकोळ आहे, हे मान्य. पण ‘सुटे भाग म्हणजे कमी नफा’ हे समीकरण चुकीचे आहे. डिस्कोचा कामकाजी नफा अलीकडे विक्रीच्या ४० टक्क्यांच्या आसपास आहे. नफा वस्तू शेवटची आहे की मधली यावर ठरत नाही, तिला पर्याय किती आहेत यावर ठरतो. या मार्गाने देशाचे उत्पन्न झपाट्याने वाढत नाही, एवढे मात्र खरे, आणि जपानची वेतने तीन दशके रखडली त्याची इतर कारणे कितीही असली तरी हे त्यांतले एक आहे.

दुसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे आणि त्याने माझ्या मांडणीला दुरुस्ती करायला लावली. चिपवर नक्षी छापणारे यंत्र हे बहुधा जगातले सर्वांत एकजीव यंत्र. १९८० च्या दशकाअखेर ते निकॉन आणि कॅनन यांच्या हातात होते. आज अत्याधुनिक यंत्र जगात एकच कंपनी बनवते आणि ती डच आहे. सूत्र खरे असेल तर इथे जपान का हरला?

उत्तर कंपन्यांच्या रचनेत आहे. निकॉन भिंग, टेबल, सांगाडा बहुतेक स्वतःच बनवत होती; जुळवणीचे वर्तुळ कंपनीच्या भिंतीशी संपत होते. १९८४ मध्ये फिलिप्समधून निघालेल्या एएसएमएलकडे स्वतःचे भिंग बनवण्याची ऐपतच नव्हती. तिने भिंग जर्मनीच्या झाइसकडून घेतले, प्रकाशस्रोत अमेरिकेच्या सायमरकडून, आणि गिऱ्हाइकांना संशोधनात आत घेतले. भिंग आणि वेफर यांच्यामध्ये पाणी ठेवण्याची कल्पना तैवानच्या टीएसएमसीतल्या बर्न लिन यांनी पुढे रेटली, ती एएसएमएलने तातडीने उचलली. पुढच्या पिढीच्या किरणांवर अमेरिकेत जे संयुक्त संशोधन झाले त्यात एएसएमएलला प्रवेश मिळाला, निकॉनला मिळाला नाही. २०१२ मध्ये इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंग यांनी तिच्यात पैसेही घातले. म्हणजे एएसएमएलने जुळवणीचेच काम केले, पण वर्तुळ देशाबाहेर नेऊन. तेव्हा नेमके विधान असे: जपानचे कसब एकजीव वस्तूत चालते, पण जुळवणी एका कंपनीत किंवा एका जुन्या ओळखीच्या गटात मावते तोवरच. अनोळखी भागीदारांना आत घ्यावे लागते तेव्हा तीच घट्ट ओळख अडसर होते. हे कसबाचे अंगभूत दुखणे आहे.

तिसरा आक्षेप नैतिक आहे. २०१७ मध्ये कोबे स्टीलने मालाच्या तपासणीचे आकडे फिरवल्याचे कबूल केले, २०२२ मध्ये हिनोचे आणि २०२३ अखेर दाइहात्सुचे चाचण्यांतले गैरप्रकार बाहेर आले. गुणवत्तेचा देश तो हाच का, असा सवाल रास्त आहे. यातल्या बऱ्याच प्रकरणांत दोरी ओढण्याचा अधिकार चाचणी विभागाला प्रत्यक्षात नव्हता. वरून आलेली तारीख बदलणार नव्हती आणि ‘जमत नाही’ म्हणायची सोय नव्हती. लाइन थांबवण्याची मुभा संपली की टोयोटाच्या पद्धतीतून घाई तेवढी उरते. दाइहात्सु ही टोयोटाचीच उपकंपनी आहे, म्हणून ही गोष्ट अधिक गंभीर.

विजेच्या मोटारीचे काय? मोटारही आता जोडवस्तू झाली, जपानचा शेवटचा गडही पडणार, असे बोलले जाते. २०२३ मध्ये मोटारनिर्यातीत चीन जपानच्या पुढेही गेला. पण सुटे भाग गोळा करून जोडणारे चिनी कारखाने मागे पडत आहेत. पुढे गेली ती १९९५ मध्ये बॅटरी बनवण्यासाठी निघालेली बीवायडी, जी बॅटरी, मोटर आणि चिपसुद्धा घरात बनवते आणि एकमेकांशी जुळवते. लिथियम बॅटरीचा पाया जपानात अकिरा योशिनो यांनी घातला, सोनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली, आणि आज ती एकजीव कला चीनमध्ये वाढते आहे. कसब कोणाच्या रक्तात नसते, याचा हा ताजा पुरावा आहे. जपानची अडचण अशी की नव्या मोटारीतली जुळवणी बॅटरीचे रसायन आणि सॉफ्टवेअर यांच्यात सरकली आहे, आणि त्याची ओळखीची माणसे अजून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या भोवती बसली आहेत. या आघाडीवर मला जपानविषयी खरी काळजी वाटते.

६. पाया खचतो आहे तो सौद्याचा

मात्र जपानला सर्वांत मोठा धोका चीनपासून नाही. ज्या सौद्यावर हे कसब उभे राहिले तो जपाननेच सैल केला. २००४ पासून कारखान्यांतल्या उत्पादनाच्या कामावरही पुरवठादार संस्थांमार्फत तात्पुरते कामगार घेण्याची मुभा मिळाली. सगळ्या क्षेत्रांचा हिशेब धरला तर बिगरकायम नोकरदारांचे प्रमाण १९९० च्या सुमारास पाचांत एक होते, आता तिघांत एकाहून अधिक आहे. सहा महिन्यांनी जाणाऱ्या माणसाकडे दोरी ओढण्याचा अधिकार कागदावर असतो. ती ओढण्यात त्याचे हित नसते, आणि ओढली तरी त्यातून आलेले शहाणपण त्याच्याबरोबर फाटकाबाहेर जाते.

दुसरी झीज छोट्या कारखान्यांची. टोकियोतल्या ओता वॉर्डात १९८३ च्या सुमारास नऊ हजारांहून अधिक कारखाने होते, आता त्याच्या निम्मेही उरलेले नाहीत. २०२५ पर्यंत सुमारे १२.७ लाख लहान व मध्यम उद्योगांचे मालक सत्तरीपार गेलेले आणि वारस न ठरलेले असतील, असा सरकारी अंदाज होता. १९९७ मध्ये झडपा बनवून देणारे हात असल्याच ठिकाणचे होते. होक्काइदोतल्या चितोसे इथे रॅपिडस नावाची नवी चिप कंपनी सरकारच्या प्रचंड मदतीवर उभी केली जात आहे आणि २०२७ मध्ये अत्याधुनिक चिप बनवायचे तिचे उद्दिष्ट आहे. तिला यश येवो. पण त्या पैशातला लहानसा हिस्सासुद्धा वारस नसलेल्या कारखान्यांतले कसब पुढच्या पिढीकडे सोपवण्यासाठी गेला, तर तो अधिक खात्रीचा खर्च ठरेल असे मला वाटते.

आपला संबंध इथेच येतो. चाकण, रांजणगाव, वाळूजच्या कारखान्यांत कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या फाइव्ह-एसचे फलक, कायझेनच्या स्पर्धा आणि सूचनापेट्या आहेत. त्याच कारखान्यांच्या लाइनवर मोठ्या संख्येने कंत्राटी कामगार आणि ट्रेनी आहेत, आणि मुदत संपली की त्यांना बदलले जाते. जपानी पद्धतीचा दिसणारा भाग आपण घेतला आणि ती ज्या सौद्यावर चालते तो वगळला. व्हेंडरांच्या बाबतीतही तेच. ड्रॉइंग वरून येते, दरवर्षी दर कमी करण्याची मागणी येते, आणि डिझाइन करण्याची संधी फार थोड्यांना मिळते. अशा व्हेंडरकडे कितीही कुशल टर्नर असला तरी तो भाग असा का आहे हे त्याला कळत नाही, म्हणून तो सुधारताही येत नाही.

जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरजवळ मोटार कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. अशा करारांत गुंतवणुकीचे आणि रोजगाराचे आकडे असतात. त्यांत आणखी दोन रकाने असावेत: लाइनवरचे किती कामगार पाच वर्षांनंतरही त्याच कारखान्यात असतील, आणि वाळूज-शेंद्र्याच्या किती व्हेंडरांना आपला भाग स्वतः डिझाइन करायचे काम मिळेल. कंपनीला या प्रश्नांचे वावडे असण्याचे कारण नाही. तिने जपानात हेच केले होते. विचारणारा मात्र आपल्या बाजूने हवा, आणि उद्योग खात्याने सवलतींचा हिशेब या दोन आकड्यांशी बांधला तर विचारायला आजही उशीर झालेला नाही.